कागदावरचा उजवा हात

नाशिकरोडच्या फलाटावर दादानं बॅग खाली ठेवली, पाण्याची बाटली माझ्याकडे दिली, पण काखेतली निळी फाइल तशीच धरून उभा राहिला. वहिनी सोडायला आली नव्हती. त्यांच्या मुलीला, केतकीला, पाठ असलेला एकमेव नंबर म्हणजे घरातला जुना फोन. तो वाजला आणि आपण नसलो तर, या भीतीनं वहिनी तेरा महिने कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापलीकडे गेलेली नाही.

आमच्या वाचनमंडळात प्रवासाहून आलेल्यानं चार पानं लिहून वाचून दाखवायची पद्धत आहे. मी हंपी लिहिलंय, दापोली लिहिलंय. नांदेडला निघालेय म्हटल्यावर मैत्रिणी म्हणाल्या, गुरुद्वाऱ्याबद्दल नीट लिही. आम्ही का निघालोय ते मी त्यांना सांगितलं नाही. आता लिहितेय ते मंडळात वाचेन की नाही, ठाऊक नाही.

केतकी ही दादाची एकुलती एक मुलगी. लातूरला खोली घेऊन डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करत होती. पहिल्या वर्षी मार्क कमी पडले, म्हणून दुसरं वर्ष. त्या दुसऱ्या वर्षी, संक्रांतीच्या चार दिवस आधी, दुपारी ती खोलीतून निघाली आणि परत आली नाही. मोबाइल गादीवर होता, पुस्तकं रचून ठेवलेली होती. पोलिसांत तक्रार झाली, फोटो सगळीकडे गेले, दादा स्वतः कितीतरी गावांच्या स्टँडवर जाऊन आला. काही नाही. तिच्या सामानात ही निळी फाइल सापडली. त्यात एका जाड कागदावर तिच्या उजव्या हाताचा छाप होता. फिक्या, करड्या शाईतला, बोटं फाकलेली. करंगळीच्या खाली तीन बारीक उभ्या रेघांभोवती कुणीतरी लाल पेनानं गोल केला होता.

दादानं तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली. आमच्या आईनं त्याची पत्रिका करून आणली तेव्हा त्यानं त्या कागदाचं विमान करून उडवलं होतं. तोच दादा आता गाडीत माझ्यासमोर बसून, फाइल मांडीवर उघडून मला शिकवत होता. "ही आयुष्यरेषा, अंगठ्याला वळसा घालून जाते ती. ही मस्तकरेषा. ही वरची हृदयरेषा. बोटांच्या मुळाशी असतात ते उंचवटे. पहिल्या बोटाखाली गुरूचा, करंगळीखाली बुधाचा. रेषेत असा डोळ्यासारखा आकार आला तर त्याला द्वीप म्हणतात. ते अडचणीचं. मनगटावरच्या या आडव्या रेघा म्हणजे मणिबंध." पूर्वी वर्गात जीवा आणि स्पर्शिका सांगायचा त्याच आवाजात तो बोलत होता. मी खिडकीतून बाहेर बघत होते. जालना गेलं, परभणी गेलं, उभ्या ज्वारीवर ऊन उतरत गेलं.

एक गोष्ट दादाला माहीत नव्हती. ती इथेच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा प्रवास मी ती पोटात घेऊन केला. दुसऱ्या वर्षाच्या श्रावणात केतकीनं मला फोन केला होता. "आत्या, मला नाही जमत हे. मी घरी येते, बी.कॉम. करते. बाबांना तू सांग." मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "आठ-नऊ महिन्यांसाठी कशाला सोडायचं? तू जा, तुझं ऐकते ती. समजाव." मी लातूरला गेले. तिच्या खोलीतल्या मुली गंजगोलाईजवळच्या एका हस्तरेषावाल्याकडे जायच्या, तिलाही जायचं होतं. सकाळी ती क्लासला गेली असताना मी एकटी त्याच्याकडे गेले. म्हटलं, दुपारी भाचीला घेऊन येते. ती विचारेल ते विचारेल, तुम्ही तिला डॉक्टर होणार म्हणून सांगा. तो म्हणाला, बरं. दुपारी त्यानं तिचा हात शाईनं माखला, कागदावर उमटवला, लाल गोल काढला आणि सांगितलं, "या तीन रेघा डॉक्टरच्याच हातावर असतात." केतकी जिन्यावरून उतरताना आपला हात बघत होती. "आत्या, खरंच आहेत गं!" बी.कॉम.चा विषय तिनं पुन्हा काढला नाही.

संध्याकाळी नांदेडला उतरलो. स्टेशनाबाहेर रिक्षावाल्यांचा गलका, केळ्यांच्या गाड्या, निळ्या-केशरी पगड्या. लॉजवर पोहोचलो आणि दादाचा चेहरा पांढराफटक पडला. फाइल रिक्षात राहिली होती. तो रस्त्यावर धावत सुटला, त्याच्या पायात एकच चप्पल होती. मी त्याच्या मागे. पंधरा मिनिटांनी तीच रिक्षा वळसा घेऊन आली. रिक्षावाला पन्नाशीचा, तोंडात पान. फाइल पुढे करत म्हणाला, "काका, हा पंजा राहिला तुमचा. मी उघडून बघितलं, माफ करा. लेकीचा हाय ना?"

"हो," दादा म्हणाला.

"लहान हाय हात. सापडंल. अल्ला मालिक हाय." त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. कदाचित दादाकडे बघूनच त्याला कळलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर आम्ही गुरुद्वाऱ्यात गेलो. पांढऱ्याशुभ्र संगमरवरावर पाय गार पडले. लंगरमध्ये (तिथला सगळ्यांसाठीचा पंगतीचा प्रसाद) रांगेत बसलो. तिथे रोटी ताटात टाकत नाहीत, दोन्ही तळवे पसरून घ्यायची असते. समोरच्या पंगतीतले तीस-चाळीस तळवे एकदम वर झाले. म्हातारे, राबलेले, मेंदीचे. दादानं स्वतःचे हात पसरलेच नाहीत. तो त्या तळव्यांकडे बघत होता. वाढणारे सरदारजी थांबले, "लो जी," म्हणाले, पुन्हा म्हणाले. मी त्याच्या वतीनं रोटी घेतली. डाळ चांगली होती, खीरही. दादानं दोन घास खाल्ले.

त्याला कुणीतरी नांदेडच्या एका हस्तसामुद्रिकाचा (हात पाहणाऱ्याचा) पत्ता दिला होता. भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, शिवणयंत्राच्या दुकानावर. गृहस्थ अंगानं भरलेले, अत्तराचा वास, भिंतीवर मोठ्या हाताचं चित्र. दादानं कागद पुढे ठेवला आणि एवढंच विचारलं, "ही जिवंत आहे का?"

त्यांनी भिंग लावलं. मग म्हणाले, "साहेब, जिवंत हाय. लिहून देतो. ही आयुष्याची लकीर बघा. इथं तुटल्यासारखी दिसते, पण तुटली न्हाई. बाजूनं दुसरी रेघ तिला धरून राहिली. अन् चंद्राच्या उंचवट्यावर ह्या आडव्या लकिरा, ह्या सफरच्या. लेकरू सफरमध्ये हाय. दक्षिणेकडं. जिथं जबान बदलते तिथं."

"म्हणजे कुठे?"

"ते हातात लिहिलेलं नसतंय, साहेब. देगलूरकडं बघा. तिकडं तेलंगण, कर्नाटक दोन्ही जवळ हाय." मग त्यांचं लक्ष लाल गोलाकडे गेलं. "ही बुधाची निशाणी कुणी दावली? बरोबर दावली. डॉक्टरचा हात हाय."

जिना उतरताना दादा दोन-दोन पायऱ्या उतरत होता. तेरा महिन्यांत त्याला असं चालताना मी पाहिलं नव्हतं. "दक्षिणेकडे म्हणाले, कुंदा. मी एवढ्या ठिकाणी गेलो, पण देगलूरला गेलोच नाही बघ."

देगलूरची एस.टी. नायगाव, नरसीवरून जाते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळी करडई फुललेली, मध्ये हरभऱ्याचे घाटे. गाडीत माणसं चढत गेली तशी भाषा पातळ होत गेली, एका वाक्यात मराठी, दुसऱ्यात तेलुगू. देगलूरच्या स्टँडवर दादानं केतकीचा फोटो बाहेर काढला. चौकशीच्या खिडकीवर, पेरूवाल्यांना, कंडक्टरांना, बुरख्यातल्या बायकांना, सगळ्यांना दाखवला. दोन तास. लोक फोटो हातात घेऊन नीट बघायचे, मान हलवायचे आणि परत देताना तो शर्टाला पुसून द्यायचे. एका बाईनं विचारलं, "हे पोरगी तुमचं हाय का?" दादा हो म्हणाला तर ती आमच्याबरोबर उन्हात उभी राहिली.

चहाच्या टपरीवाल्या मावशींनी दादाच्या हातातला छापाचा कागद पाहिला. "हे राजन्ना काकांना दावा. सत्तर-पंच्याहत्तरचे हायत. कचेरीसमोर अर्जनवीस होते." अर्जनवीस म्हणजे कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज आणि दस्त लिहून देणारा. "हात पण बघतेत. पैशे घेत न्हाईत."

राजन्ना काका घराच्या ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. धोतर, जाड भिंगाचा चष्मा. कागद हातात घेण्याआधी त्यांनी हात धुतले. "हात म्हंजे आमच्यात चेय्यी. रेघंला म्हणतेत गीत," ते म्हणाले. "मी चाळीस वर्षं लोकांचे अंगठे घेतलो. सही न येणाऱ्यांचे. शाई कशी उमटते ते मला म्हाईत हाय."

त्यांनी कागद उन्हाकडे धरला, तिरका केला, पुन्हा सरळ केला. मग भिंग आणवलं. मला ओट्याचा दगड गरम लागत होता, तरी मी उठले नाही.

"सर, तुमी शिकलेले दिसता. रागावू नका," ते म्हणाले. "जिवंत हाय का न्हाई ते कागदावरून मला कळत न्हाई. कुणालाच कळत न्हाई. पण हे बघा. सगळ्या रेघा पांढऱ्या हायत. शाई खड्ड्यात जात न्हाई, म्हणून रेघ पांढरी उमटते. अन् ह्या तीन काळ्या हायत. पेनानं काढलेल्या. ह्या तीन गीत उमटलेले न्हाईत, लिवलेले हायत."

दादानं चष्मा काढला, पुन्हा घातला. त्याला इतकी वर्षं रेषा दिसायच्या, या तीन दिसल्या नव्हत्या. लाल गोलात बघताना तो फक्त गोलच बघत आला होता. "कुणी काढल्या?"

"ज्यानं गोल काढला त्यानं, अजून कुणी?"

"का पण?"

काकांनी कागद त्याच्या हातात परत दिला. "ते त्यालाच इचारा. कुठला हाय तो?"

"लातूरचा," दादा म्हणाला. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात शिक्का होता. तो आजवर त्यानं शंभर वेळा वाचला असेल. पण तिथे जायचं त्याला कधी सुचलं नव्हतं, कारण त्या माणसानं जे सांगितलं असेल ते छापावर होतंच. निघताना काकांनी ओंजळभर सोललेले दाणे माझ्या पदरात घातले. तेलुगूत काहीतरी म्हणाले आणि मग मराठीत, "तलरात, बाई. डोक्यावर लिवलेलं. म्हणतेत तसं. मी तर कुठं वाचलो न्हाई."

रात्र देगलूरला काढून दुसऱ्या दिवशी उदगीरला पोहोचेतो सरळ लातूरची गाडी सुटली होती, म्हणून देवणी-निलंग्यावरून जाणारी धरली. देवणी एखादा मैल राहिली असताना गाडी घरघरली आणि थांबली. ड्रायव्हर म्हणाला, दीड तास लागेल. आमच्या शेजारच्या बाकावर एक बाई होत्या, पिशवीत हजेरीचं रजिस्टर आणि वजनकाटा. अंगणवाडीच्या कांबळे ताई. त्यांचं घर समोरच होतं. "उन्हात काहून बसता? चला, पाणी प्या."

अंगणात एक देवणी गाय बांधलेली होती, पांढरी, तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. घरात भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. ताईंनी सुशीला केली (चुरमुरे भिजवून केलेला पोह्यांसारखा पदार्थ), वर शेंगदाण्याचं कूट. दादा फाइल मांडीवर घेऊनच जेवायला बसला, तेव्हा ताईंनी विचारलं आणि दादानं सगळं सांगितलं.

"आमच्यात हात बघत न्हाईत, सर," त्या म्हणाल्या. "आज्ज्यानं दीक्षा घेतली तवाच पंचांग सुटलं. माझा हात बघितला असता तर त्यात अंगणवाडी थोडीच दिसली असती! पण तुमच्या जीवाला काय होऊन राहिलं ते दिसतंय मला." मग विचारलं, "लेकराला शिकायचं होतं का ते?"

दादा म्हणाला, "तिनं मला कधी नाही म्हणून सांगितलं नाही."

मी ताट घेऊन मागच्या दाराशी हात धुवायला गेले. ताई तांब्यानं पाणी घालत होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "तुमी घास गिळंना गेलात. तुमाला काय म्हाईत हाय का?"

मी त्यांना सांगितलं. नाशिकात कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्याला नाही, वहिनीला नाही. देवणीच्या बाहेर, एका अंगणवाडीताईला, हात ओले असताना सांगितलं. तिला घरी यायचं होतं ते, दादानं पाठवलं ते, सकाळी मी एकटी गेले ते. ताईंनी मला धीर दिला नाही, दोषही दिला नाही. तांब्या खाली ठेवला. "मला सांगून काय उपेग हाय? त्यांना सांगा. लातूर यायच्या आत सांगा. तो माणूस सांगंल त्याच्या आधी."

"सांगते," मी म्हटलं.

गाडी सुरू झाली. निलंग्याला दहा मिनिटं थांबली. दादा खाली उतरून माझ्यासाठी लिंबू सरबत घेऊन आला. मी ग्लास हातात घेऊन "दादा," म्हटलं. "काय?" "काही नाही, गोड आहे." पुढे पुन्हा एकदा तोंड उघडलं. तो म्हणाला, "त्या माणसाला मी मारणार नाही, घाबरू नकोस. फक्त विचारणार आहे." निलंग्याच्या पुढे रस्ता चांगला झाला आणि गाडी वेगानं धावायला लागली. लातूरचे पहिले क्लासचे फलक दिसले. फलकांवर पहिल्या आलेल्या मुलामुलींचे चेहरे, खाली मार्क. दादा ते चेहरे एकेक करून बघत होता, गर्दीत कुणी ओळखीचं शोधावं तसं.

गंजगोलाईला दिवस मावळायच्या सुमाराला पोहोचलो. गोल चौकातून फुटणारे सोळा रस्ते, भांड्यांची, कापडाची दुकानं, पाठीवर दप्तरं घेतलेल्या मुली घोळक्यानं चालत होत्या. जिना माझ्या ओळखीचा होता. मी मागे राहिले. दादा म्हणाला, "चल ना."

वरच्या खोलीत भिंतभर हातांचे छाप टाचलेले. टेबलामागे तोच माणूस, चाळिशीचा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट. दादानं कागद समोर ठेवला आणि करंगळीखाली बोट टेकवलं. "या तीन रेघा तुम्ही काढल्यात?"

त्यानं कागदाकडे पाहिलं. मग दादाच्या खांद्यावरून माझ्याकडे. "ताई, तुमी? वळखलं मी तुमाला." मग दादाला म्हणाला, "मीच काढल्या. ताईच सकाळी येऊन म्हणल्या होत्या न्हवं, डॉक्टर होणार म्हणून सांगा म्हणून. हातावर काय नव्हतं. दाखवायला काहीतरी पायजे, म्हणून उमटवल्यावर वरून काढल्या. पुन्हा शाई पुसून देताना पेन तिच्या हातावरपण टेकवला, हलका. तिला कळलं न्हाई."

दादा माझ्याकडे वळला नाही. तो टेबलाची कड धरून उभा होता.

"रोजचं हाय, सर," तो माणूस म्हणाला. आवाजात उर्मटपणा नव्हता, थकवा होता. "आधी आई-बाप येऊन जातेत, मागून लेकरू येतंय. ह्या भिंतीवरचे अर्धे हात सांगून ठेवलेले हायत. मी न्हाई म्हणलो तर खालच्या गल्लीत दुसरा हाय."

"ती गेली," दादा म्हणाला. "त्या संक्रांतीला. अजून सापडली नाही."

माणसाचा चेहरा बदलला. तो खुर्चीतून उठला, पुन्हा बसला. "मला म्हाईत नव्हतं. आईशपथ." मग म्हणाला, "ती आली होती. एकटी. जानेवारीत, संक्रांत तोंडावर आलती तवा."

"काय म्हणाली?"

"टेस्टमध्ये मार्क पडंना गेले म्हणाली. हात पुढं केला अन् म्हणाली, 'त्या रेघा आता दिसत नाहीत. धुतल्या गेल्या. खरं सांगा.' सर, मी रोज खोटं बोलतो. त्या दिशी का कुणास ठाऊक, खरं बोललो. म्हणलो, तुझी आत्या आधी येऊन सांगून गेली होती."

"मग?" दादानं विचारलं.

"हसली. म्हणाली, 'म्हणजे हातात काहीच नाही ना?' म्हणलो, न्हाई बाई. 'बरं झालं,' म्हणाली अन् गेली. मला वाटलं, लेकरू सुटल्यासारखं हसलं. आता..." तो थांबला. "आता वाटतंय, तसं नसंल."

त्यानं कपाट उघडलं. छापाची दुसरी प्रत त्याच्याकडे असते, ती काढून दिली. त्यावर लाल गोल नव्हता, काळ्या रेघा नव्हत्या. करंगळीखाली नुसती गुळगुळीत करडी जागा. दादानं ती घेतली, फाइलमध्ये ठेवली, आणि नांदेड-देगलूर करून आलेला कागद त्या टेबलावर सोडून जिना उतरला.

खाली तो भांड्यांच्या दुकानासमोर उभा राहिला. मी शेजारी गेले. दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. गल्लीतून मुली जात-येत होत्या. मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी तुला समजाव म्हटलं होतं, कुंदा. फसव म्हटलं नव्हतं."

मी म्हटलं, "हो."

"तिनं मला सांगितलं असतं तर?"

"तिनं मला सांगितलं होतं. मी तुला सांगितलं होतं."

तेवढंच खरं होतं आणि ते आम्हा दोघांचं होतं. पण उरलेलं एकटीचं माझं होतं, हे आम्हाला दोघांनाही कळत होतं.

सकाळी नाशिकची एस.टी. मिळाली. तो पुढे ड्रायव्हरमागे बसला, मी मागे. मांजरसुंब्याच्या थांब्यावर सवयीनं त्यानं दोन चहा आणले, एक माझ्या हातात दिला आणि मग आठवल्यासारखा दूर जाऊन उभा राहिला. घाट, नगर, संगमनेर, काही मला नीट आठवत नाही. प्रवासवर्णनात इथे निसर्ग यायला हवा, पण मी पूर्ण वाट त्याच्या मानेकडे बघत बसले होते. केस अर्धे पांढरे होते. केतकी गेली त्या संक्रांतीला काळे होते.

घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दादा सरळ आतल्या खोलीत गेला, दार लोटून घेतलं. वहिनी स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. तिनं मला पाटावर बसवलं आणि विचारलं, "काय म्हणाले?" तिला प्रत्येक वेळी कुणीतरी 'आहे' म्हणून सांगत आलं होतं. मलाही ते एक शब्दात सांगता आलं असतं. नांदेडचे गृहस्थ लिहून द्यायला तयार होतेच.

मी सगळं सांगितलं. श्रावणातल्या सकाळपासून. सांगताना भाजीच्या विळीकडे बघत होते, कारण तिच्याकडे बघणं जमलं नाही. ती ओरडली नाही. माझं संपल्यावरही ती तशीच बसून होती, हातात अर्धं चिरलेलं वांगं.

मग म्हणाली, "ती हसली, म्हणाला ना तो? कशी हसली?"

"सुटल्यासारखी, असं म्हणाला."

"सुटल्यासारखी," वहिनी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. आजवर जिवंत आहे, दक्षिणेला आहे, पाण्याजवळ आहे असं पुष्कळांनी तिला सांगितलं होतं. पण निघण्याआधी आपली मुलगी हसली होती, हे कुणी सांगितलं नव्हतं. "म्हणजे ती..."

मला तिथेच थांबता आलं असतं. खूप वाटलं, थांबावं. पण असंच एकदा कुणाच्या तरी भल्यासाठी मी एका जिन्यावर चढले होते.

"नंतर म्हणाला, तसं नसेल, वहिनी," मी म्हटलं. "त्याला माहीत नाही. मलाही नाही."

तिनं मान हलवली. वांगं पाण्यात टाकलं. आतून दादाच्या खोकण्याचा आवाज आला. मी उठायला लागले तर म्हणाली, "बस. जेवून जा." मला घास जाणार नव्हता, तिलाही नव्हता, तरी मी बसले. तिनं भात लावला, तीन माणसांचा. आम्ही दोघी तो शिजेपर्यंत तिथेच बसून राहिलो.